चौकात काम लावताय? उतरवायचं आधी ठरवा

महिन्यातून दोन-तीन तरी मेसेज येतात. बार्शीहून, अकलूजहून, मंगळवेढ्याहून. नुकतंच एटीडी किंवा बीएफए, म्हणजे चित्रकलेचं शिक्षण, झालेली मुलं असतात. ‘ताई, आमच्या गावात चौकात एखादं काम मांडायचंय, थोडे दिवसांसाठी. परवानगी कशी काढायची?’ परवानगीचं सगळे विचारतात, पैशांचंही विचारतात. उतरवायचं कसं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्यापायी एका रिक्षाचं हूड भरून दिलंय.

झालं असं. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या एका रिक्षा स्टॉपवर मी पहिलं काम केलं. टॉवेल कारखान्यातून सेकंडचा, म्हणजे खोट निघालेला, माल किलोवर घेतला, ३४ किलो. त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक पट्टीवर कापडगिरणीतला एकेक शब्द छापला: साचेखातं, कांडीखातं, रंगखातं, जॉबर, भोंगा. हे शब्द स्टॉपवरच्या माणसांनीच दिले होते. १८७७ला सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णू मिलपर्यंत कुणाचा आजा, कुणाचा बाप कुठं ना कुठं होताच. बांबूचा चौदा बाय दहा फुटांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर पट्ट्या सोडल्या. खाली सावली, वर शब्द. परवानगी नऊ दिवसांची होती.

लोकांना काम आवडणार नाही, कुणी फाडेल, कुणी वर थुंकेल, याची मला भीती होती. झालं उलटंच. एप्रिलचा शेवट, पारा बेचाळिसाच्या वर, आणि त्या स्टॉपवर याआधी कधी सावलीच नव्हती. दुपारी विड्यांचा माल कारखान्यात पोचवून परतणाऱ्या बायका तिथं टेकायला लागल्या. एक अण्णा रोज गिऱ्हाइकाला वर बोट करून सांगायचे, ‘ते भोंगा लिवलंय नव्हं, ते माझं.’ नवव्या दिवशी मी सुतळी सोडायला गेले तर म्हणाले, ‘कशाला काढायलाव ताई? उन्हाळा जाऊ द्या की.’ मी विरघळले. कुणीही विरघळलं असतं. पाच वर्षं कॉलेजात जे ऐकायला मिळालं नाही ते एका दुपारी मिळालं होतं.

सतराव्या दिवशी पहाटे वळीव आला.

सोलापुरी टॉवेलची ख्याती पाणी शोषण्याची. हे मी लहानपणापासून जाणते, पण सांगाडा बांधताना डोक्यात आलं नाही. नंतर घरी काट्यावर एक पट्टी तोलून पाहिली: कोरडी २०० ग्रॅम, भिजवून ७०० ग्रॅमच्या वर. म्हणजे माझे ३४ किलो त्या पहाटे सव्वाशेच्या घरात गेले असणार. गाठी सुतळीच्या, बांबू उन्हानं तडकलेले. सगळं एका बाजूला कलंडलं आणि खाली उभ्या रिक्षावर बसलं. खाली माणूस नव्हता. हे वाक्य मी अजूनही सावकाश लिहिते.

हूडचे २,६०० रुपये गेले, ते एक वेळ ठीक. पण रविवार होता, रस्त्यात टॉवेलचा ओला डोंगर पडलेला, माझ्याकडे शिडी नाही, टेम्पो नाही, माणूस नाही. घंटागाडीवाल्यानं एवढं ओझं घ्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. दुपारी एका कार्यालयातून फोन आला: मुदत संपून आठ दिवस झाले, तुमच्यावर कारवाई का करू नये? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी ‘राहू द्या’ म्हटलं त्यांच्याकडे बोट दाखवणं तर शोभलंच नसतं. सही माझी होती.

म्हणून आता हे नीट ऐका, थोडं लांबेल. गणपती बसवायच्या आधी मंडळ विसर्जनाची गाडी ठरवतं. गड्ड्यावरचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला, पाळणा उभा करणाऱ्याला तो कधी खोलायचा ते माहीत असतं. संक्रांतीला त्याच जत्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, अक्षता पडतात, आणि काठ्या पुन्हा आपल्या जागी जातात. आपल्या गावाला चार दिवसांची कला नवी नाही, आणि ती उतरवायची रीतही पाठ आहे. कलाशाळेत जाऊन आपणच ती विसरतो, कारण तिथं प्रदर्शन संपलं की शिपाईमामा भिंत रिकामी करतात.

तर उतरवण्याचा कागद बांधण्याच्या कागदाआधी लिहा. तारीख आणि वेळ घाला. वेळ पहाटेची, रहदारी नसताना. उतरवायला चार माणसं, त्यांची मजुरी आधी बाजूला काढलेली. शिडी कुणाची, ती परत कधी जाणार. माल ओला झाला तर वजन किती, आणि ते किती जणांना उचलेल. हे अंदाजानं सांगू नका, बादलीत भिजवून काट्यावर ठेवा. माल शेवटी जाणार कुठं: परत कारखान्यात, भंगारात, की कुणाच्या घरात? एकूण पैशांतला पाचवा हिस्सा यासाठी ठेवा. कमी पडला तर काम लहान करा, हा हिस्सा लहान करू नका. आणि पहिल्या दिवशीच कामाशेजारी मोठ्या अक्षरात पाटी लावा: ‘हे अमुक तारखेला उतरणार.’ पाटी लोकांसाठी असतेच, पण जास्त तुमच्यासाठी असते. नवव्या दिवशी कुणी गोड बोललं की तिच्याकडे बघायचं. लोकांना खरंच हवं असेल तर मुदत वाढवून घ्या, लेखी, आणि वाढीव दिवसांत गाठी रोज तपासा. ‘राहू द्या की’ म्हणजे परवानगी नव्हे.

परवानगीचं थोडक्यात सांगते, कारण ते अवघड नाही, कंटाळवाणं आहे. अर्ज मराठीत, साध्या भाषेत. ‘इन्स्टॉलेशन’ लिहू नका, ‘बांबू व कापडाची तात्पुरती मांडणी’ लिहा. महापालिकेचं झोन कार्यालय, वाहतूक शाखा, हद्दीतलं पोलीस ठाणं. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत जपा. माझी एकदा त्या शिक्क्यानं इभ्रत वाचवलीय. विजेच्या खांबाला काही बांधू नका. झाडाला खिळा नको. भिंतीवर परवानगीशिवाय काही चिकटवलं, रंगवलं तर १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, आणि तुमचा हेतू कलेचा होता हे तिथं कुणी ऐकत नाही. भुईकोट किल्ल्याजवळ फोटो फार छान येतात म्हणून तिथं बांबू रोवायला धावू नका. ते संरक्षित स्मारक आहे, १०० मीटरच्या आतली भानगड वेगळीच. दिनदर्शिकाही बघा. १२ जानेवारीला चार हुतात्मा चौक मोकळा हवा, १४ एप्रिलच्या आसपास शहर मिरवणुकीचं असतं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ पूर्व भागातून जातो. त्या वाटेवर तुमचा सांगाडा आडवा आला तर चूक तुमचीच.

आता माझी जराशी तिरकी मतं. एखादा ‘भावी नगरसेवक’ पैसे देईल, बदल्यात फ्लेक्स मागेल. घेऊ नका. फ्लेक्स तुमच्या कामापेक्षा मोठा असतो आणि नंतर फोटोत फक्त तोच दिसतो. ‘आय लव्ह’ असलं काही उभं करून सेल्फी पॉइंट बनवायचा असेल तर खुशाल करा, पण मला मेसेज करू नका. आणि पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांबद्दल: भले असतात, पण जे उन्हात एकदाही तुमच्या चौकात उभे राहत नाहीत आणि स्केच बघून ‘स्केल वाढव’ म्हणतात, त्यांचं ऐकायचं नाही. मी ऐकलं होतं. आधी सांगाडा आठ बाय सहाचाच होता. माझे खरे गुरू निघाले मंडप बांधणारे एक काका. कोलमडलेला ढीग बघून ते एवढंच म्हणाले, ‘पोरी, वारं जायला भोक कुठं ठेवलंस?’

घाबरवायला हे लिहीत नाहीये. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्यानं बर्लिनचं राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, कापडात गुंडाळायचं १९७१मध्ये मनात घेतलं आणि गुंडाळलं १९९५मध्ये; काम टिकलं दोन आठवडे. तुमचा झोन ऑफिसातला तिसरा हेलपाटा त्यामानानं काहीच नाही. चित्र-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरात कोंडागावला स्थानिक कलाकारांबरोबर हातपंपांच्या जागा घडवल्या. ते काम कायमचं, आपलं चार दिवसांचं, पण पाणी भरणाऱ्या बाईला काय लागतं तिथून सुरुवात करायची, हे उचलण्यासारखं आहे. पैशांसाठी बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि दिल्लीची खोज या कलासंस्थांकडे लक्ष ठेवा. नाही मिळालं तरी पाच-सात हजारांत लहान काम होतं. पहिलं काम लहानच असावं. एका कट्ट्याएवढं, एका पाणपोईएवढं.

आणि काम पडलं तरी गाव तुम्हाला टाकत नाही. त्या रविवारी ओला माल शेवटी त्याच विडीवाल्या मावश्यांनी पिळला, गच्चीवर वाळवला आणि पायपुसणी करून वाटून घेतला. ‘कांडीखातं’ सध्या एका घराच्या उंबऱ्याशी आहे. हूडवाले अण्णा महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस स्टॉपवर थांबवून विचारलं, ‘पुन्हा कधी बांधायलाव?’

नवरात्राच्या आधी, सहा दिवसांसाठी, सहा बाय पाच. या वेळी जाळीदार सूत, वारं आरपार जाणारं. काकांनी बघून मान हलवली आहे. आणायच्या टेम्पोचं अजून ठरलं नाही. परत न्यायच्या टेम्पोवाल्याला मात्र पाचशे रुपये विसार देऊन झालाय.