पहिली डेट ठरवताना या चुका टाळा

मी फोन करून विचारलं होतं, "व्हीलचेअर आत येते ना?" "येते मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." प्रत्यक्षात पुण्यातल्या त्या कॅफेच्या दारात तीन पायऱ्या होत्या. फोनवरचा मुलगा खोटं बोलला नव्हता. दोघं जण येतील, खुर्चीसकट उचलतील, म्हणजे व्हीलचेअर आत येतेच, असा त्याचा हिशोब. ज्याच्याशी मी तीन आठवडे रोज रात्री चॅट करत होते तो काचेपलीकडून बघत होता आणि दोन अनोळखी मुलांनी मला उचललं. एकानं फुटरेस्ट धरला. तो निसटून त्याच्या हातात आला. मी घाबरून दुसऱ्याची कॉलर घट्ट पकडली. पुढचा तासभर समोरचा काय बोलत होता ते मला आठवत नाही. परत खाली कसं उतरायचं, एवढंच डोक्यात होतं.

"सोय आहे का?" असं विचारू नका

या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. आकडे विचारा. रस्त्यापासून टेबलापर्यंत एकूण पायऱ्या किती? दार किती इंच रुंद आहे? टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, आणि त्याचं दार किती इंच? आपली खुर्ची एका चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत मोजून तो आकडा पाठ ठेवा. माझी २५ इंच आहे आणि छोट्या हॉटेलांतल्या टॉयलेटचं दार बऱ्याचदा २४ इंचांचं असतं. त्या एका इंचानं माझ्या कितीतरी संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

"रॅम्प आहे" म्हणाले तरी फोटो मागवा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांब उतार लागतो. सहा इंचांच्या तीन पायऱ्यांवर चार फुटी लोखंडी पत्रा टाकला असेल तर तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. गूगल मॅप्सवर व्हीलचेअरची खूण दिसली तरी फोन कराच.

टॉयलेटची खात्री नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हे आपल्यातल्या अनेकींना सवयीचं झालंय. कृपा करून हे करू नका. मणक्याच्या दुखापतीत लघवीचं इन्फेक्शन किती महागात पडतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. असं वागायला लावणारी जागाच रद्द करा.

मैत्रिणी म्हणतात, मॉलमध्ये कसली डेट! मी मॉलच्या बाजूनं आहे. लिफ्ट असते, मोठं टॉयलेट असतं, माणसांची वर्दळ असते आणि अर्ध्या तासात निघावंसं वाटलं तर निघता येतं.

एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. तेव्हा "आमच्याकडे लिफ्ट आहे" यानं सगळ्यांचं भागत नाही. ओठ वाचून बोलणाऱ्याला मंद दिव्यांचं रोमँटिक हॉटेल म्हणजे बंद दार. समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी जागा मागा आणि स्पीकरपासून लांब बसा, कारण श्रवणयंत्र गाणंही तितकंच मोठं करतं. अंध व्यक्तीला "मी गेटपाशी उभा आहे" एवढंच सांगणं पुरेसं नाही. कोणतं गेट, शेजारी कोणतं दुकान, हे सांगा, आणि पोचल्यावर स्वतः पुढे होऊन आपलं नाव घ्या. तिचा हात किंवा काठी ओढू नका. आपला कोपर पुढे करा, धरायचा की नाही ते ती ठरवेल.

लपवणं आणि नको तितकं सांगणं

खुर्ची कापून टाकलेला फोटो लावू नका. मीही वर्षभर तेच केलं, आणि प्रत्येक वेळी "तुला काहीतरी सांगायचंय" या मेसेजपाशी पोटात गोळा यायचा. एका फोटोत खुर्ची स्पष्ट दिसू दे. पण अपघात कसा झाला, ऑपरेशनं किती झाली, हे कुणाला सांगणं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी फक्त पायांचे किंवा कॅलिपरचे (पायाला बांधायच्या आधाराचे) फोटो मागणारा, आणि भेटण्याआधीच "मी तुला आयुष्यभर सांभाळीन" म्हणत पैशांची अडचण सांगणारा, दोघांनाही ब्लॉक करा. मन एकटं असलं की यातला दुसरा जास्त खरा वाटतो, म्हणून हे आवर्जून लिहितेय.

मदतनीस ताई किंवा आई सोबत येणार असेल तर तेही आधीच सांगा. बसवून देऊन त्या कुठे थांबतील आणि किती वाजता परत येतील, ते त्यांच्याशीही ठरवून घ्या.

परत येण्याचं काय?

जाण्याची तयारी सगळे करतात. परतीची कॅब रात्री नऊला येते, आणि डिकी उघडली की आत सीएनजीचा सिलिंडर! खुर्ची कुठे ठेवायची? म्हणून बुकिंग झाल्याबरोबर ड्रायव्हरला फोन करा, "दादा, डिकीत सिलिंडर आहे का? वर कॅरियर आहे का?" पर्याय नाही म्हणून नुकत्याच भेटलेल्या माणसाच्या गाडीतून घरी जाणं टाळा. जवळच्या एका मैत्रिणीला ठिकाण आणि वेळ कळवून ठेवा.

आणि इतकं करूनही लिफ्ट बंद निघाली तर? चालत पाच मिनिटांवरची दुसरी जागा चॅटमध्येच ठरवून ठेवा. "इथे नको, तिकडे जाऊ" हे म्हणताना माफी मागायची नाही. उचलू द्यायचंच असेल तर आधी सूचना द्या, मग ब्रेक सोडा. पायऱ्यांकडे खुर्चीची पाठ, मागचा माणूस हँडलला आणि पुढचा थेट सांगाड्याला धरेल. फुटरेस्टला कुणी हात लावायचा नाही.