बॅकअपमधून एकच फाईल परत घेताना या चुका टाळा

घरच्या संगणकाचा बॅकअप व्यवस्थित असूनही हवी ती फाईल हातची गेल्याची उदाहरणे मी वारंवार पाहतो आणि त्यांत दोष बहुधा बॅकअपचा नसून फाईल परत घेताना केलेल्या घाईचा असतो. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुनी प्रत थेट मूळ जागी उतरवणे.

माझ्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारांकडून देखभाल शुल्काच्या एक्सेल फाईलमधले थकबाकीचे शीट चुकून डिलीट झाले आणि फाईल तशीच सेव्हही झाली. महिन्यापूर्वी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतलेली प्रत त्यांच्याजवळ होती. वार्षिक सभा तोंडावर आल्यामुळे त्यांनी ती प्रत सरळ डॉक्युमेंट्समध्ये कॉपी केली आणि त्याच नावाची फाईल तेथे आहे, ती बदलायची का, असे विंडोजने विचारताच होकार दिला. थकबाकीचे शीट परत आले, पण मधल्या महिन्याच्या सगळ्या पावत्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. अशा रीतीने जिच्या जागी दुसरी फाईल बसते, ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. अखेर पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून त्यांना त्या नोंदी रात्री जागून पुन्हा भराव्या लागल्या.

त्यांना जुनी फाईल नको होती, तिच्यातले एक शीट हवे होते. म्हणून बॅकअपमधून येणारी प्रत्येक गोष्ट मी आधी डेस्कटॉपवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि फाईलच्या नावापुढे तारीख घालतो. एक्सेल एकाच नावाच्या दोन फाईली एका वेळी उघडत नसल्यामुळे नाव बदलणे येथे आवश्यकच ठरते. मग दोन्ही फाईली उघडून, जुनीतल्या शीटवर राइट क्लिक करून ‘मूव्ह ऑर कॉपी’मधून त्याची प्रत चालू फाईलमध्ये घ्यावी. अशा शीटमधली सूत्रे पुष्कळदा जुन्या फाईलमधलेच आकडे वाचत राहतात, तेव्हा ती एकदा तपासून चालू फाईलकडे वळवावीत. विंडोजच्या ‘फाईल हिस्टरी’ या बॅकअप सुविधेतले हिरवे बटणही फाईल मूळ जागीच परत ठेवते. त्यावर राइट क्लिक केल्यास ‘रिस्टोअर टू’ हा पर्याय मिळतो आणि मी नेहमी तोच वापरतो. एका क्लिकमध्ये काम उरकण्याचा मोह मला येथे अजिबात मान्य नाही, कारण वाचतो तो अर्धा मिनिट आणि पणाला लागते ते महिन्याभराचे काम.

दुसरी चूक आवृत्ती निवडण्यातली. नवखी माणसे डोळे मिटून सर्वांत ताजी आवृत्ती घेतात. परंतु फाईल हिस्टरी मूळ सेटिंगनुसार दर तासाला बदललेल्या फाईली टिपत असते, त्यामुळे फाईल सकाळी बिघडली असेल तर दुपारच्या आवृत्तीत तोच बिघाड असतो. मी आधी आकार पाहतो: जेथे तो एकाएकी घटला असेल, त्याच्या अलीकडची नव्हे, पलीकडची, म्हणजे त्याआधीची, आवृत्ती उघडतो. शिवाय फाईल हिस्टरीच्या डिस्कवर फाईलच्या नावाला जोडलेली वेळ भारतीय नसून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. 5 तारखेला रात्री 1 वाजता टिपली गेलेली आवृत्ती तेथे 4 तारखेच्या 19.30 ची म्हणून दिसते, आणि माणूस 5 तारखेच्या नावांत तिला शोधत राहतो. मॅकच्या ‘टाइम मशीन’ या बॅकअप सुविधेत दर तासाच्या प्रती फक्त गेल्या 24 तासांच्या असतात, त्यानंतर महिनाभर रोजची एक आणि पुढे आठवड्याची एक. तेव्हा नेमकी दुपारची प्रत हवी असेल, तर ती त्याच दिवशी काढून घ्यावी.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह यांनाच बॅकअप समजणे ही चूक तर घरोघरी आढळते. सिंक, म्हणजे संगणक आणि इंटरनेटवरची जागा आपोआप सारखी ठेवणे, चालू असताना संगणकावर डिलीट केलेली फाईल तेथूनही जाते, आणि वैयक्तिक खात्याच्या ट्रॅशमध्ये ती केवळ 30 दिवस राहते.

एका फाईलसाठी संपूर्ण सिस्टिम इमेज (अख्ख्या संगणकाची एकत्र घेतलेली प्रत) रिस्टोअर करू नये, कारण आजचा सगळा संगणक त्या दिवसावर मागे जातो. विंडोजने केलेली इमेज व्हीएचडीएक्स या आभासी डिस्कच्या स्वरूपात असते. डिस्क मॅनेजमेंटमधून ती ‘रीड ओन्ली’वर खूण करून जोडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते आणि हवी ती फाईल कॉपी करता येते.

रॅन्समवेअरची (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमची) शंका असलेल्या संगणकाला बॅकअपची डिस्क जोडूच नये.

जुन्या मराठी फाईलींबाबत आणखी एक गोष्ट मनाला लागते. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरच्या काळातले, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेले लेखन नव्या संगणकावर उघडले की देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, आणि फाईल खराब झाली असे समजून लोक ती बॅकअपमधूनही काढून टाकतात. मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. तो बसवून पाहिल्याशिवाय, किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पाहिल्याशिवाय, वडिलांची पत्रे किंवा जुने हस्तलिखित कृपया पुसू नये.