‘क्वाइट गुड’ ही शाबासकी नव्हे

ब्रिटनमध्ये नव्याने नोकरीला आलात की बँकेचं खातं, घराचा करार, डॉक्टरकडची नोंदणी समजावणारे ढीगभर लोक भेटतील. त्यात मी भर घालत नाही. मला एकाच शब्दाबद्दल बोलायचंय, कारण त्या शब्दापायी मी माझ्याच मैत्रिणीचं नुकसान केलंय.

‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’, ‘चांगलंच’ असं आपण शाळेपासून धरून चालतो. अमेरिकेतही ‘क्वाइट गुड’ म्हटलं की सहसा कौतुकच असतं. इथे मात्र ‘गुड’च्या आधी ‘क्वाइट’ लागलं की बहुतेक वेळा गुण कापले जातात. गाणं संपल्यावर कुणी ‘बरी गातेस’ म्हटलं की चेहरा पडतो ना, तसंच. ‘बरी’ आणि ‘बरीच’ आपण वेगळे ठेवलेत; इंग्रजांनी दोन्ही कामं एकाच शब्दाच्या गळ्यात मारलीत.

मैत्रिणीने नोकरीच्या अर्जात माझं नाव संदर्भासाठी दिलं होतं. मी अगदी मनापासून लिहिलं, ‘शी इज क्वाइट हार्डवर्किंग अँड क्वाइट रिलायबल.’ दोनदा वाचून पाठवलं. नोकरी दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. कारण कुणी कळवलं नाही, पण पुढे तेच पत्र एका इंग्रज सहकाऱ्याला दाखवलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, ‘तुमचं भांडण झालं होतं का?’ त्याच्या कानाला ते ‘तशी कष्टाळू आहे, तशी भरवशाची आहे’ असं लागलं होतं. तेव्हा हात जोडून सांगते, शिफारसपत्रात हा शब्द दिसला की खोडा. मुलाखतीत स्वतःबद्दलही वापरू नका.

गोम पुढच्या विशेषणात आहे. गुड, टायर्ड, इंटरेस्टिंग यांच्यात कमी-जास्त होऊ शकतं, तिथे ‘क्वाइट’ म्हणजे बऱ्यापैकी. इम्पॉसिबल, राँग, सर्टन यांना अधलीमधली पायरी नाही, तिथे ‘पूर्णपणे’. ‘यू आर क्वाइट राँग’ म्हणजे थोडं नव्हे, साफ चुकलात. मूळ अर्थ हाच. ‘बऱ्यापैकी’ची छटा १९व्या शतकात रुळली. त्यात सुराचा घोळ आहेच. जोर ‘क्वाइट’वर पडला तर पुढे ‘पण’ येणार म्हणून समजा. जोर ‘गुड’वर असेल तर खरंच आवडलेलं असू शकतं.

साहेब ‘नॉट क्वाइट’ म्हणाले की बऱ्याचदा काम पुन्हा करायचं असतं. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच. नुसतं ‘क्वाइट’ म्हणून मान हलवली तर ‘हो ना, अगदी’. हे वयस्कर मंडळींच्या तोंडी शोभतं, आपण नादी लागू नये.

आपल्या लोकांत एक ठरलेली तक्रार असते, इंग्रज तोंडावर गोड बोलतात आणि मागून गळा कापतात. मला नाही पटत. ते तोंडावरच सांगतात, फक्त हळू आवाजात सांगतात, आणि आपण ‘गुड’ ऐकून घरी पेढे वाटतो. वीस-वीस वर्षं इथे काढून हे न कळलेले लोक मला माहीत आहेत.

आणखी एक. ‘क्वाइट’ आणि शांत या अर्थाचा ‘क्वायट’ यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन अक्षरांची फक्त अदलाबदल आहे. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे साधी स्पेलिंग तपासणी ती चूक पकडत नाही.