पत्ता फक्त १८ होता

माझा सी प्लस प्लसमधला छोटा बिलिंग प्रोग्राम माझ्याकडे नीट चालायचा, पण मावसभावाच्या दुकानातल्या विंडोजवर उघडताक्षणी बंद पडायचा. "पुन्हा इन्स्टॉल कर" सांगून दोन दिवस घालवले. उगाच.

मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, लोकलडम्प्स ही की (नोंद) बनवली. त्यामुळे प्रोग्राम पडला की विंडोज डम्प फाइल, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, ठेवून देतं. ती फाइल मागवून विनडीबग या चुका शोधायच्या साधनात उघडली. आधी नुसतेच हेक्स (१६ च्या पायाचे) आकडे दिसले, कारण पीडीबी, म्हणजे पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी फाइल, दुसऱ्या बिल्डची (वेगळ्या वेळी तयार केलेल्या प्रोग्रामची) होती. दुकानात दिलेल्या बिल्डचीच पीडीबी दिल्यावर स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीत, फंक्शनची नावं उमटली.

सगळ्यात वर माझंच फंक्शन! आणि वाचायला गेलेला पत्ता हेक्समध्ये १८, म्हणजे २४. इतका लहान पत्ता दिसला की समजायचं, पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा) नल, म्हणजे रिकामा, आहे आणि आपण त्याच्या आतलं फील्ड वाचतोय. माझ्या स्ट्रक्टमध्ये (फील्डांच्या गटात) आधी तीन पॉइंटर, म्हणजे ६४ बिटवर बरोबर २४ बाइट. चौथं फील्ड करदराचं.

नल कुठून आला? खालची ओळ सेटिंग्ज वाचणाऱ्या फंक्शनची. भावाने विंडोजचं खातं देवनागरीत 'मामा' नावाने उघडलेलं, त्यामुळे फोल्डरही 'मामा'. फाइल उघडणाऱ्या जुन्या एफओपनला तो मार्ग प्रश्नचिन्हांसकट मिळत होता, म्हणून सेटिंग्जची फाइल उघडत नव्हती आणि नल परत येत होता.

देवनागरीही चालणारं, वाइड अक्षरांचं डब्ल्यूएफओपन आणि मार्ग देणाऱ्या एपीआयचंही (विंडोजच्या तयार फंक्शनचंही) वाइड रूप वापरलं, नलची तपासणी घातली. खात्याचं नाव अजून 'मामा'च आहे.