पूर्णांक बाजूंच्या त्रिकोणाचे परिवर्तुळ काढताना या चुका टाळा

त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक असल्या की परिवर्तुळाची, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्याही सुटसुटीत निघेल, असे अनेक विद्यार्थी गृहीत धरतात. या त्रिज्येसाठी, म्हणजे परित्रिज्येसाठी, तिन्ही बाजूंच्या गुणाकाराला क्षेत्रफळाच्या चौपटीने भागायचे असते. पण ते क्षेत्रफळ तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ देणाऱ्या हिरोच्या सूत्रातील वर्गमुळातून येते आणि ते वर्गमूळ दरवेळी पूर्ण सुटत नाही. २, ३, ४ बाजूंच्या त्रिकोणाची परित्रिज्या ८/√१५, म्हणजे सुमारे २.०७ आहे. ती अपरिमेय (पूर्णांकांच्या भागाकाराने न लिहिता येणारी) असली तरी तिचा वर्ग ६४/१५ हा परिमेय आहे, आणि बाजू पूर्णांक असल्या की हे नेहमीच घडते. म्हणून दशांशात जाण्याची घाई न करता आधी वर्ग काढावा.

सर्वांत मोठी बाजू हाच व्यास, हा नियम फक्त काटकोन त्रिकोणाचा आहे. ५०, ५१, १०० बाजूंच्या चपट्या त्रिकोणाची परित्रिज्या सुमारे १७९.९ येते, म्हणजे नुसती त्रिज्याच मोठ्या बाजूच्या पावणेदोन पटीहून अधिक आहे. विशालकोन त्रिकोणाचे परिकेंद्र, म्हणजे परिवर्तुळाचा मध्य, त्रिकोणाबाहेर असते. त्यामुळे त्रिकोण झाकणारे सर्वांत लहान वर्तुळ आणि परिवर्तुळ ही तेथे वेगळी वर्तुळे असतात.

मोठ्या क्षेत्रफळाच्या त्रिकोणाला मोठे परिवर्तुळ लागते, हा समजही सोडून द्यावा. १३, १४, १५ बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ८४ आणि ४, १३, १५ बाजूंच्या त्रिकोणाचे अवघे २४ आहे, तरीही दोघांची परित्रिज्या ६५/८, म्हणजे ८.१२५ आहे. याचे कारण ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलेल्या नियमात सापडते: दोन बाजूंच्या गुणाकाराला तिसऱ्या बाजूवरील लंबाच्या दुपटीने भागले की परित्रिज्या मिळते. १३ आणि १५ या बाजू दोन्ही त्रिकोणांत आहेत. १२ उंचीचा लंब टाकला की पायावर ५ आणि ९ लांबीचे तुकडे पडतात; त्यांची बेरीज १४ आणि वजाबाकी ४. लंब तोच राहिल्यामुळे १९५ ला २४ ने भागून दोन्हीकडे एकच उत्तर येते. इतकी देखणी जोडी वर्गात फळ्यावर काढून दाखवायलाच हवी.

अंतर्त्रिज्या (तिन्ही बाजूंना आतून स्पर्श करणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) आणि परित्रिज्या यांची अदलाबदल झाल्याची शंका आली, तर परित्रिज्या अंतर्त्रिज्येच्या दुपटीहून कधीच लहान नसते, हे ताडून पाहावे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची अडचण निराळी असते. हिरोच्या सूत्रात लागणारी अर्धपरिमिती, म्हणजे बाजूंच्या बेरजेचे अर्ध, २, ३, ४ या बाजूंसाठी ४.५ आहे, मात्र अपूर्णांक टाकून देणाऱ्या पूर्णांकी भागाकारात ती ४ होते, हिरोच्या सूत्रातील एक अवयव शून्य होतो आणि पुढे शून्याने भागण्याची वेळ येते. त्यासाठी अर्धपरिमिती टाळून बाजूंची बेरीज आणि प्रत्येकी दोन बाजूंच्या बेरजेतून तिसरी वजा करून मिळणाऱ्या तीन संख्या यांचा गुणाकार करावा. येथे तो ९×५×३×१, म्हणजे १३५ येतो. बाजूंच्या गुणाकाराच्या वर्गाला, म्हणजे ५७६ ला, १३५ ने भागले की ६४/१५ हा वर्ग अचूक हाती येतो. १, २, ३ अशा बाजू दिल्या तर तो गुणाकार शून्य येतो; त्रिकोणच होत नसल्याने गणित तेथेच थांबवावे.