ट्रॅक डेची तयारी: पैसा ब्रेकवर, मेहनत ब्रेक सोडण्यावर

नाशिकमध्ये वेगवान गाड्यांची हौस भरपूर आहे. पोलो जीटी, व्हर्टस, आय२० एन लाइन, एखादी ऑक्टाव्हिया व्हीआरएस; रविवारी सकाळी गंगापूर रोडला थोडा वेळ थांबलात तरी दिसतील. ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर आपलीच गाडी वेगात चालवायचा दिवस. त्यासाठी शहराजवळ ट्रॅक मात्र नाही. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे काय किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक काय, एका बाजूचे १४०० किलोमीटरच्या आसपास. तळेगावजवळ नाणोलीला ट्रॅक झाला आणि गोष्ट बदलली. पुणे रस्त्याने चाकण गाठायचं, तिथून तळेगावकडे वळायचं, काम झालं. तेव्हापासून मला विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "दादा, रीमॅप कुठून करू?"

रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. कुठूनही करू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. कंपनीने दिलेली ताकद वापरायला येण्याआधी ती वाढवली, तर सरळ रस्त्यावर मजा येते आणि वळणावर तुमचं अज्ञान जास्त वेगाने पोचतं. वेगळा इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग), मोठा एक्झॉस्ट, डिस्कला पाडलेली भोकं, मागचा विंग, यातलं काहीही नको. भोकांच्या डिस्कला तर ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपासूनच तडे जातात. पैशांचा क्रम साधा ठेवा: ब्रेक फ्लुइड (ब्रेकचं तेल), ब्रेक पॅड, टायर, आणि उरलेले सगळे प्रशिक्षकाला.

आधी ब्रेक

रस्त्यावर खराखुरा जोराचा ब्रेक दिवसातून एखाद्या वेळी लागतो. ट्रॅकवर तो प्रत्येक लॅपला (फेरीला) अनेकदा लागतो आणि मध्ये डिस्क गार व्हायला वेळच मिळत नाही. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. शिवाय फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत एक्सडीएस नावाची सोय असते. ती वळणात आतल्या चाकाला आपणहून थोडा ब्रेक लावते. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही ब्रेक तापतच असतात.

ब्रेक दोन प्रकारे साथ सोडतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पेडल घट्ट लागतंय, पाय जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड गेली. पेडल मऊ पडून खाली जातंय, म्हणजे फ्लुइड उकळलं. उकळलेल्या फ्लुइडमध्ये वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. यातला दुसरा प्रकार जास्त भीतीदायक आहे, आणि टाळायला सर्वांत स्वस्तही तोच.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावरची त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात चार महिने पाऊस अंगावर घेतलेल्या गाडीतलं दोन वर्षांचं जुनं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. पावसाळा संपला की बदला. मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंग फ्लुइड नवीन असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं आणि साध्या गाडीत चालतं, फक्त ते लवकर लवकर बदलावं लागतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव ५.१ सारखं वाटलं तरी ते यात कधीही मिसळू नका.

गॅरेजमध्ये तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, "साहेब, तेल चांगलं आहे, कशाला पैसे घालवता?" चांगलं आहे ते अंबड ते कॉलेज रोड जाण्यासाठी. समोर उभं राहून चारही चाकांतून जुनं फ्लुइड पूर्ण काढून घ्या. नुसती टाकी वरून भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

पॅड ट्रॅकला चालतील असे घ्या आणि लावल्यावर ते डिस्कशी जुळवून (बेडिंग करून) घ्या. मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत दमदार ब्रेक, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड डिस्कवर दाबून धरला की तिथे थर जमतो आणि पुढे ब्रेक थरथरतात. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवून गार करा.

टायर आणि बाकीचं

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक दिसो, ट्रॅकवर नको.

गरम झाल्यावर हवा सहा-आठ पीएसआय सहज वाढते, म्हणून सकाळी दारावरच्या स्टिकरपेक्षा तीन-चार कमी ठेवून सुरुवात करा आणि प्रत्येक सेशननंतर (ट्रॅकवरच्या एका पाळीनंतर) टायर गरम असतानाच मोजा. समोरच्या इंजिनाच्या साध्या हॅचबॅकला मी पुढच्या गरम टायरमध्ये ३५-३६ च्या आसपास ठेवतो. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारा. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यालाच टिकली तर जास्त. इंटरनेटवर कोणाच्या तरी वेगळ्या गाडीचा आकडा वाचून तो आपल्या टायरात भरू नका.

इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ, पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर, ड्रायव्हरकडची मॅट बाहेर, डिकी रिकामी, टो हुक (गाडी ओढायचा आकडा) हाताशी, अंगावर सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. सीट इतकी जवळ की पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर पडेल आणि ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा वाकलेला राहील.

विम्याचं स्पष्ट सांगतो. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्या खिशातून. जी गाडी दुरुस्त करणं परवडत नाही, ती नेऊ नका.

ब्रेक सोडणं

इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण मला स्वतःला हीच पायरी सर्वांत उशिरा जमली आणि तोवर मिळालेला जवळजवळ प्रत्येक सल्ला उलटा होता.

तो सल्ला असा: "अजून उशिरा ब्रेक मार." पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, हे दिवसभर ऐकू येतं. नवखा माणूस ते मनावर घेतो, १०० मीटरच्या फलकाऐवजी ७० वर ब्रेक मारतो, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) कडकडतं, गाडी वळणाच्या तोंडाशी जास्त वेगात पोचते, घाबरून तो पाय झटकन उचलतो आणि स्टीअरिंग ओढतो. गाडी सरळ बाहेर जाते. अ‍ॅपेक्स, म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू, चुकतो, अ‍ॅक्सिलरेटर उशिरा लागतो आणि पुढचा सगळा सरळ पट्टा कमी वेगात जातो. ब्रेकला जे काही क्षण वाचवले, त्याच्या कितीतरी पट तिथे गेले. मग हाच माणूस म्हणतो, "टायर बेकार आहेत."

टायर बेकार नसतात. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढचे टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात. हाच दाब गाडी वळवतो. पाय एकदम उचलला की नाक वर येतं, आणि नेमकं स्टीअरिंग फिरवण्याच्या क्षणी पुढच्या चाकांवरचा भार निघून जातो. उलट बाजूही लक्षात ठेवा. भर वळणात भरपूर वेग असताना अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात सोडला तर मागची चाकं हलकी होऊन मागचा भाग फिरतो, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीतसुद्धा.

टायरकडे पकड ठरावीक असते. ब्रेक आणि वळण दोघांनाही तीच वाटून घ्यावी लागते. म्हणून स्टीअरिंग जितकं आत जाईल तितका ब्रेक बाहेर यायला हवा, आणि तो अ‍ॅपेक्सच्या जवळ पोचताना संपायला हवा. सुरुवातीला जोर पटकन पण लाथ न मारता. वजन पुढे यायला अर्धा क्षण द्यावा लागतो. मग तो जोर धरून ठेवायचा. आणि मग सोडायचा, पण येवल्याला संक्रांतीत पतंगाला ढील देतात तसा: मांजा हातातून सुटत नाही, बोटांतून सरकत राहतो. पूर्ण दाबापासून शून्यापर्यंतचा हा उतार जितका लांब आणि एकसारखा, तितकी गाडी आपणहून वळते.

हे शिकायला कसारा घाटात जाऊ नका. समोरून ट्रक येतो, वळणावर डिझेल सांडलेलं असतं, दुचाकीवर अख्खं कुटुंब बसलेलं असतं. घाटात "लाइन" मारणाऱ्याला मी काहीही शिकवत नाही.

सराव गावातच होतो, कायद्यात राहून, ताशी ३० च्या वेगात. मुंबई नाक्याला सिग्नल लाल दिसला की टाच जमिनीवर टेकवून ब्रेक लावा आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये दाब इतका हळू कमी करा की गाडी थांबल्याचा झटका कोणालाही कळू नये. शेजारी बसलेल्या आईची मान पुढे डुलली नाही, तर जमलं. रोज ऑफिसला जाता-येता हेच करा. पायाला दाब लावायची सवय सगळ्यांना असते. मिलिमीटरने सोडायची सवय अशीच लागते.

ट्रॅकवर गेल्यावर एकच वळण निवडा. संथ असावं आणि बाहेर मोकळी जागा असावी. बाकी सगळ्या वळणांना ब्रेक सरळ रेषेत संपवा. या एका वळणाला नेहमीपेक्षा वीस-तीस मीटर आधी ब्रेक लावा, जोर साठ टक्के ठेवा आणि सगळं लक्ष शेपटाकडे, म्हणजे ब्रेक सोडण्याच्या शेवटच्या भागाकडे, द्या: स्टीअरिंग फिरायला लागलं तरी पेडलवर थोडा भार आहे का? सुटताना झटका बसला का? शेपूट नीट झालं की जोर वाढवा. जोर नीट झाला की मग, आणि मगच, ब्रेकची जागा थोडी थोडी पुढे न्या. हा क्रम उलटा केला की माणूस महिनोनमहिने तिथेच अडकतो. वेगवान वळणांत हे तंत्र सुरुवातीला अजिबात नको. तिथे मागचा भाग सुटला तर सावरायला वेळ नसतो.

ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) चालू ठेवा. त्याचा दिवा लुकलुकला की समजा, हात आणि पाय एकाच वेळी टायरकडे जास्त मागतायत. गाडी पुढून बाहेर ओढायला लागली तर स्टीअरिंग आणखी फिरवू नका, किंचित सैल करा. पूर्ण फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, म्हणजे ती कुठे जाणार हे मागून येणाऱ्यांना कळतं.

हील-अँड-टो, म्हणजे ब्रेक दाबतानाच त्याच पायाने रेस देऊन गियर उतरवणं, आत्ता शिकू नका. त्या पायाला आधीच नवं काम दिलंय. शक्य तिथे तिसऱ्या गियरमध्येच लॅप मारा.

आपण सुधारतोय का, हे वेगाच्या आलेखावर बघा. रेसक्रोनोसारखं अ‍ॅप पुरेसं आहे, पण फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो आणि ताशी १०० ला तेवढ्यात गाडी २८ मीटर जाते. म्हणून सेकंदाला दहा नोंदी करणारा वेगळा रिसीव्हर घ्या. रीमॅपच्या खर्चापुढे तो स्वस्त आहे. वेगाची रेघ खाली येऊन गोलसर वळून वर गेली पाहिजे. ती टोकदार कोसळून मग काही मीटर सपाट चालली असेल, तर तुमचा पाय ना ब्रेकवर आहे ना अ‍ॅक्सिलरेटरवर. तिथेच काम बाकी आहे.

त्या दिवशी

पहिल्या सेशनला वेळ मोजू नका. पंधरा मिनिटांपेक्षा लांब सेशन नको. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, इंजिन आणि डिस्क गार करायला. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड किंवा ठोकळा लावा. पहिल्या सेशननंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. मागून वेगवान गाडी आली तर हाताने खूण करून जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. ऊन लागण्याआधी पाणी प्या. डोकं दमलं की दिवस संपला, तिकिटातले दोन सेशन उरलेले असले तरी.

निघण्याआधी टायरमधली हवा परत स्टिकरच्या आकड्यावर आणा आणि रिममधून डोकावून पॅड किती उरलेत ते बघा. पार्किंगमध्येच ब्रेक दोन-तीनदा दाबा. पेडल सकाळपेक्षा मऊ लागलं तर तसेच नाशिकला निघू नका, कारण वाटेत चंदनापुरी घाट आहे. सोबत ठेवलेली फ्लुइडची सीलबंद बाटली, पाना आणि पारदर्शक नळी काढा, एकाला पेडलवर बसवा आणि चारही चाकं तिथेच ब्लीड करून घ्या, म्हणजे आतली वाफ आणि जुनं फ्लुइड बाहेर काढा.