मॅक्झिमल फंक्शन बाउंडेड आहे का? आधी एक ठोकळा लावून बघा

एम.एस्सी.च्या मुलांना हार्डी-लिटलवूड मॅक्झिमल फंक्शन शिकवताना मी प्रमेय नंतर सांगते, आधी आलेखाचा कागद काढायला लावते. तुम्हीही काढा. ० ते १ मध्ये उंची १, बाकी सगळीकडे शून्य, असा ठोकळा. हेच आपलं एफ.

आता ५ हा बिंदू घ्या. तो बरोबर मध्ये येईल अशी पट्टी दोन्ही बाजूंना सारखी पसरवा आणि तिच्यावरची एफची सरासरी काढा. ४ने पसरवली तर पट्टी ठोकळ्याला नुसती टेकते, सरासरी शून्य. ५ने पसरवली की ठोकळा अख्खा आत येतो, पट्टीची लांबी १०, सरासरी १/१०. त्यापुढे लांबी वाढते, आतलं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, म्हणून सरासरी उतरत जाते. या सगळ्यांतली सर्वांत मोठी, १/१०, ही ५ वरची एम-एफची किंमत. १च्या पुढे कुठल्याही क्ष ला ती १/(२क्ष) येते. १९३०च्या निबंधात हार्डी आणि लिटलवूड यांनी हे क्रिकेटच्या भाषेत मांडलं होतं: आजच्या डावापासून मागे मोजत गेलं, तर फलंदाजाची सर्वांत चांगली सरासरी किती? मुलांना हे लगेच पटतं.

१/(२क्ष)चं १ ते अनंत इंटिग्रल लॉग देतं, म्हणजे अनंत. एफचं इंटिग्रल १, एम-एफचं अनंत; म्हणून एल-१मध्ये, म्हणजे |एफ|चं इंटिग्रल मर्यादित असलेल्या फंक्शनांवर, मॅक्झिमल फंक्शन बाउंडेड नाही (एम-एफचं माप एफच्या मापाच्या ठरावीक पटीत राहत नाही). एल-१ तिथेच संपलं. पण एम-एफ १/१०च्या वर कुठे आहे ते बघा: -४ ते ५, लांबी ९. एफचं क्षेत्रफळ भागिले १/१० म्हणजे १०. वीक टाइप असमानता (एम-एफ लॅम्डा या उंचीच्या वर असलेल्या सेटची लांबी, एका स्थिरांक गुणिले |एफ|चं इंटिग्रल भागिले लॅम्डा, याहून जास्त नसते) इथे डोळ्यांना दिसते.

ती सगळ्या फंक्शनांसाठी सिद्ध करायला मी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून टेबलावर पसरते. एम-एफ लॅम्डाच्या वर असलेल्या सेटमधला एक कॉम्पॅक्ट (बंद आणि मर्यादित) तुकडा घ्या. त्याला झाकायला मोजक्याच पट्ट्या पुरतात, आणि प्रत्येकीवर सरासरी लॅम्डापेक्षा जास्त. सर्वांत लांब पट्टी उचला, तिला छेदणाऱ्या बाजूला काढा, उरलेल्यांत पुन्हा तेच. काढलेली प्रत्येक पट्टी उचललेल्या एखादीच्या तिप्पट लांबीत मावते, आणि उचललेल्या पट्ट्या एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून त्यांची एकूण लांबी |एफ|चं इंटिग्रल भागिले लॅम्डाच्या आत राहते. हे हाताने एकदा कराच, ३ हा स्थिरांक मग पाठ करावा लागत नाही.

आता एल-२, म्हणजे एफच्या वर्गाचं इंटिग्रल मर्यादित असलेली फंक्शनं. एफची लॅम्डा/२ पेक्षा मोठी किंमत जिथे आहे तेवढा भाग वेगळा काढा. उरलेल्याची सरासरी लॅम्डा/२ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून वीक टाइप फक्त मोठ्या भागाला लावा: सेटची लांबी जास्तीत जास्त ६/लॅम्डा गुणिले त्या भागाचं इंटिग्रल. दोन्ही बाजूंना २लॅम्डाने गुणून लॅम्डावर इंटिग्रेट करा (डावीकडे एम-एफच्या वर्गाचं इंटिग्रल येतं), उजवीकडे क्रम बदला. आत १२ गुणिले |एफ|, लॅम्डा ० ते २|एफ|. एम-एफच्या वर्गाचं इंटिग्रल एफच्या वर्गाच्या इंटिग्रलच्या २४ पटींत बसलं.

‘पी १पेक्षा मोठा आहे, हे कुठे वापरलंत?’ हा प्रश्न मी प्रत्येक तोंडी परीक्षेत विचारते. पी म्हणजे एल-पी मधला घात; २च्या जागी पी ठेवलात की आत लॅम्डाचा घात पी-२ येतो. पी = १ टाका: १/लॅम्डा, शून्यापाशी लॉग, आणि ठोकळ्याच्या शेपटीत भेटलेलाच तो लॉग.